दिवा त्यांचा, उजेड आपला

मुंबईहून युरोपकडे निघालेल्या प्रवाशाला पुढचे विमान पकडण्यासाठी ॲमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर कधी कधी दोन-तीन तास थांबावे लागते. अशा वेळी तो घड्याळ पाहतो, पिशवीतला खाकऱ्याचा डबा उघडतो, घरी फोन करून खुशाली कळवतो. वर छताकडे मात्र तो क्वचितच पाहतो. लाउंज क्रमांक दोनमध्ये बसलेल्याने तसे पाहिले, तर त्याला साधे, शुभ्र, मंद तेजाचे दिवे दिसतील. विमानतळ ज्यांच्या मालकीचा, त्यांच्या मालकीचे हे दिवे नाहीत. २०१५ मध्ये या लाउंजचे नूतनीकरण झाले, तेव्हा व्यवस्थापनाने दिवे विकत घेण्याऐवजी केवळ उजेड विकत घेण्याचा करार केला.

कराराचे स्वरूप व्यापाऱ्याला चटकन उमजावे असे आहे. सुमारे ३,७०० दिवे बसवले गेले. ते सर्व फिलिप्स कंपनीच्या मालकीचे राहिले. ते नीट चालावेत, टिकावेत आणि मुदत संपल्यावर त्यांचे भाग पुन्हा उपयोगात यावेत, ही जबाबदारी फिलिप्स आणि तिची भागीदार कोफेली यांनी घेतली. विमानतळाने पैसे द्यायचे ते वापरलेल्या उजेडाचे. या दिव्यांची रचनाही वेगळी केली गेली. लवकर बिघडणारे भाग सहज हाती येतील अशा जागी ठेवले, म्हणजे एक भाग गेला की सबंध दिवा टाकून देण्याची वेळ येऊ नये. या दिव्यांचे आयुष्य नेहमीच्या दिव्यांपेक्षा ७५ टक्क्यांनी अधिक असेल आणि वीज निम्मीच लागेल, असे कंपनीने त्या वेळी जाहीर केले होते.

ही कल्पना मुळात टॉमस राऊ या ॲमस्टरडॅममधील वास्तुरचनाकाराची. आपल्या कार्यालयासाठी त्याने फिलिप्सकडे मागणी केली ती दिव्यांची नव्हे, तर वर्षाकाठी ठराविक तास पुरेल एवढ्या उजेडाची. दिवे कोणते, किती आणि कोठे बसवायचे, हे कंपनीने ठरवावे. विजेचा खर्चही तिनेच सोसावा. ग्राहकाने अशी अट घातली की विक्रेत्याच्या हिशेबाची दिशाच उलटते. दिवे विकणाऱ्याचा नफा दिवा लवकर जाण्यात असतो, उजेड विकणाऱ्याचा नफा दिवा दीर्घकाळ टिकण्यात असतो.

या उलट्या हिशेबाचे महत्त्व समजण्यासाठी एक जुना इतिहास आठवावा लागतो. फिलिप्सची स्थापना १८९१ मध्ये नेदरलँड्समधीलच आइंडहोव्हन गावी झाली. पुढे १९२४ मध्ये जगातील प्रमुख दिवे उत्पादकांनी जिनिव्हा येथे एक संघटन केले. ते फीबस या नावाने ओळखले जाते, आणि फिलिप्स त्याचा एक प्रमुख सदस्य होती. त्या काळातील चांगला दिवा दीड ते दोन हजार तास जळत असे. या संघटनाने ठरवले की घरगुती दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणावे. ज्या सभासदाचा दिवा त्याहून अधिक जळेल, त्याला दंड होई. चांगला माल बनवणाऱ्यास दंड करणारी ही व्यवस्था दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मोडली. ज्या कंपनीने एकेकाळी दिव्याचे आयुष्य मुद्दाम घटवण्यात भाग घेतला, तीच नव्वद वर्षांनी शिफोलमध्ये ते वाढवण्याची हमी देते, याचे कारण सद्बुद्धी नव्हे. करारात मालकी कोणाकडे राहिली, हे त्याचे कारण आहे.

शिफोलच्या बाहेर पडून नैर्ऋत्येकडे निघाले की सपाट शेते, सरळ कालवे आणि ओळीने लावलेली झाडे दिसू लागतात. हा सारा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे चार मीटर खाली आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी येथे जमीन नव्हतीच. हार्लेममेर नावाचे सुमारे १८,००० हेक्टरांचे सरोवर येथे पसरलेले होते. दरवर्षी ते काठ गिळत पुढे सरके, म्हणून लोक त्याला पाण्याचा लांडगा म्हणत. १८३६ च्या वादळांत त्याचे पाणी एकदा ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणि एकदा लायडन शहरापर्यंत जाऊन भिडले, तेव्हा सरोवर आटवण्याचा निर्णय पक्का झाला. भोवती कालवा आणि बांध घालून वाफेच्या तीन प्रचंड पंपांनी १८४९ ते १८५२ या काळात ते कोरडे केले गेले.

त्या तीन पंपघरांपैकी क्रुकिअस हे आज संग्रहालय आहे. कालव्याच्या काठी किल्ल्याच्या बुरुजासारखी गोल इमारत उभी आहे आणि तिच्या भिंतींतून आठ लोखंडी तुळया चहूबाजूंना बाहेर आलेल्या आहेत. आत १४४ इंच व्यासाचा सिलिंडर आहे. वाफेच्या इंजिनासाठी इतका मोठा सिलिंडर क्वचितच कोठे बनला असेल. १९३३ पर्यंत या यंत्राने पाणी उपसले. हे यंत्र इंग्लंडमधील कॉर्नवॉल प्रांतातून आले, आणि त्या प्रांताचे नाव येताच मालकी आणि सेवा यांच्या इतिहासातील एक जुने पान उघडते.

कॉर्नवॉलच्या तांब्याच्या व कथिलाच्या खाणींत पाणी साचत असे. अठराव्या शतकात ते उपसण्यासाठी न्यूकोमेनच्या पद्धतीचे इंजिन वापरले जाई आणि त्याला कोळसा अतोनात लागे. जेम्स वॅटचे सुधारित इंजिन आले, तेव्हा वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी वेगळाच सौदा पुढे केला. इंजिनाचे भाग आणि बांधणी यांचा खर्च खाणमालकाने करावा. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश मात्र दरवर्षी या भागीदारांना द्यावा. इंजिन किती वेळा चालले, हे मोजण्यासाठी त्याला कुलूपबंद गणकयंत्र जोडलेले असे आणि किल्ली खाणमालकाकडे नसे. पहिली काही वर्षे खाणमालक खूश होते, कारण जेथे तीन रुपये वाचत तेथे एकच द्यावा लागे. पण जुन्या इंजिनाची आठवण जशी पुसट होत गेली, तशी बचतही विसरली गेली आणि डोळ्यांपुढे उरला तो दरवर्षीचा आकडा. ‘आमच्या खाणीत, आमच्या खर्चाने उभ्या केलेल्या यंत्राचे पैसे यांना किती वर्षे द्यायचे?’ असा सवाल सुरू झाला. अनेकांनी देणे थांबवले, खटले उभे राहिले, आणि एकस्वाची मुदत १८०० मध्ये संपेपर्यंत कटुता शमली नाही.

या भांडणात दोन्ही पक्षांचे काही अंशी खरे होते. वॅटच्या बुद्धीवाचून बचत झाली नसती, हे खरे. आणि खर्च करूनही आपण पुरते मालक होत नाही, ही टोचणी काळानुसार वाढते, हेही खरे. सेवेचा करार करणाऱ्याने पहिल्या वर्षाचा आनंद जमेस धरताना दहाव्या वर्षाचा वैतागही हिशेबात घ्यावा, एवढे कॉर्नवॉलच्या खाणी शिकवतात.

हार्लेममेरची कोरडी झालेली जमीन सरकारने लोकांना विकली. कागदावर ते पूर्ण मालक झाले. परंतु ती जमीन मुळात तळ्याचा तळ. पावसाचे आणि झिरपणारे पाणी रोज बाहेर टाकले नाही, तर लांडगा परत येणार. वाफेची जागा पुढे विजेने घेतली, तरी उपसा थांबलेला नाही आणि कधी थांबणारही नाही. म्हणजे येथे जमिनीची मालकी ही एका न संपणाऱ्या सेवेवर उभी आहे. ही सेवा देणारी संस्था म्हणजे जलमंडळ. देशात आज अशी २१ मंडळे आहेत. हार्लेममेर ज्या राइनलंड मंडळाच्या क्षेत्रात येते, त्याला १२५५ मध्येच राजमान्यता मिळाली होती. प्रत्येक रहिवासी आणि प्रत्येक जमीनमालक मंडळाला वार्षिक कर देतो. मात्र या कराबरोबर त्याला मतदानाचा हक्क मिळतो. ज्याचे हित, त्याने पैसे द्यावेत. आणि जो पैसे देतो, त्याचा शब्द चालावा, हे या मंडळांचे जुने सूत्र आहे. ज्या सेवेवाचून जगणेच अशक्य, ती सेवा देणाऱ्याच्या कारभारात घेणाऱ्याला वाटा असला पाहिजे, हे डच शेतकऱ्याला सातशे वर्षांपूर्वी उमगले होते.

ॲमस्टरडॅम शहरात शिरल्यावर हाच प्रश्न आणखी एका रूपात भेटतो. कालव्यांच्या काठची उंच, अरुंद घरे पाहून प्रवासी हरखतो. पण त्या जुन्या भागापलीकडच्या अनेक वस्त्यांत घर रहिवाशाचे आणि त्याखालची जमीन नगरपालिकेची असते. १८९६ पासून शहराने जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण स्वीकारले. शहराच्या वाढीमुळे जमिनीचे जे मोल वाढते, ते एकट्या मालकाच्या खिशात न जाता सर्वांच्या तिजोरीत यावे, हा त्यामागचा विचार. विचार उदात्त असला, तरी पट्ट्याची मुदत संपून नवे भाडे ठरण्याची वेळ आली की रहिवाशाच्या पोटात गोळा येई, कारण दरम्यान जमिनीचे भाव कित्येक पटींनी वाढलेले असत. या तक्रारींतून २०१६ मध्ये कायमस्वरूपी भाडेपट्ट्याची पद्धत आणली गेली. नवी मुंबईत सिडकोच्या पट्ट्याच्या जमिनीवर घर किंवा गाळा घेतलेल्या कुटुंबांना ही धाकधूक अनोळखी वाटणार नाही.

रस्त्यावर सायकलींची रांग अखंड चालू असते. या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. त्यांतील पुष्कळ सायकलींचे पुढचे चाक निळ्या टायरचे दिसते. ही स्वॉपफीट्स नावाच्या कंपनीची खूण. २०१४ मध्ये डेल्फ्ट येथील विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. दरमहा ठराविक रक्कम भरायची, सायकल वापरायची. बिघडली तर कंपनीने दुरुस्त करायची किंवा बदलून द्यायची. दोन वर्षांसाठी शिकायला आलेल्या मुलाला ही सोय उत्तम. पण त्याच शहरात जन्म काढणारी आजी आपली जुनी काळी सायकल स्वतः तेलपाणी करून वापरते, आणि तिचाही हिशेब चुकलेला नसतो. दोघांचे रस्ते एकच आहेत. फरक आहे तो वापराच्या मुदतीचा.

प्रवासातून घरी परतल्यावर लक्षात येते की ही विद्या आपल्याकडेही नवी नाही. स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर कोणत्याही गृहिणीच्या मालकीचा नसतो. अनामत रक्कम भरून तो वापरायला मिळतो आणि त्याची तपासणी, दुरुस्ती, रंगरंगोटी ही कंपनीची जबाबदारी असते. प्रत्येक घराने सिलिंडर विकत घेऊन आपापला सांभाळला असता, तर किती घरांत ती तपासणी वेळेवर झाली असती? लग्नकार्यासाठी संघाच्या भांडारातून पातेली, पराती आणि ताटे मोजून आणायची, घासून-पुसून मोजून परत करायची, ही रीत तर आपल्या आजोबांच्या आधीपासूनची. पाचशे माणसांच्या जेवणाची भांडी वर्षातून एका दिवसासाठी घरात ठेवणे कोणालाच शहाणपणाचे वाटले नाही. शिफोलचा करार झाला त्याच २०१५ साली भारतातही रस्त्यांवरील दिव्यांसाठी राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिच्यात एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस ही सरकारी कंपनी स्वतःच्या पैशाने एलईडी दिवे बसवते आणि वीजबिलात होणाऱ्या बचतीतून नगरपालिका तिची रक्कम फेडते. वॅटचेच सूत्र नव्या दिव्यात पेटले, असे म्हणता येईल.

आता प्रश्न उरतो तो पेढीचा. आज दुकानातले बिलिंगचे सॉफ्टवेअर, झेरॉक्सचे यंत्र, कॅमेरे, माल पोहोचवणारी गाडी, सर्व काही मासिक शुल्कावर मिळते. तरुण पिढी म्हणते, भांडवल कशाला अडकवायचे? वडीलधारी म्हणतात, भाड्याचे ते भाड्याचे, हातात काय उरले? अशा वेळी वाद घालण्यापेक्षा कागद-पेन्सिल घ्यावी.

समजा, एक यंत्र ३ लाखांचे आहे आणि ते आठ वर्षे चालेल. दुरुस्तीचा खर्च वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे आठ वर्षांचे ९६,०००. अडकलेले भांडवल वर्षागणिक घसाऱ्याच्या रूपाने वसूल होत जाते, म्हणून सरासरी दीड लाखावर ९ टक्क्यांनी व्याज धरू. ते आठ वर्षांचे १,०८,००० होते. शेवटी भंगारात ३०,००० आले, तर एकूण खर्च ४,७४,००० झाला. हेच यंत्र दरमहा ५,००० रुपयांनी सेवेवर घेतले, तर आठ वर्षांत ४,८०,००० जातात. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण धंद्याची दिशा बदलून तीन वर्षांतच यंत्र नकोसे झाले, तर सेवेवाल्याचे १,८०,००० गेले आणि तो मोकळा झाला. मालकाला मात्र अर्ध्या किमतीत ते विकले तरी त्याहून बराच जास्त फटका बसतो. उलट यंत्र नीट सांभाळले आणि बारा वर्षे चालवले, तर शेवटच्या चार वर्षांत मालकाला दुरुस्तीपुरताच खर्च, आणि सेवेवाल्याला आणखी २,४०,००० रुपये. गोष्ट विकत घ्यावी की वापरावी, याचे उत्तर किमतीत कमी आणि मुदतीत अधिक दडलेले असते.

काही गोष्टी या बेरजेत दिसत नाहीत. मंदीच्या महिन्यात दुकानाचे शटर अर्धे ओढलेले असले, तरी मालकीचे यंत्र कोपऱ्यात मुकाट्याने उभे राहते, काही मागत नाही. मासिक शुल्क मात्र पहिल्या तारखेला दार ठोठावतेच. म्हणून ‘वापराल तेवढेच द्या’ आणि ‘वापरा वा न वापरा, दरमहा द्या’ या दोन करारांत महदंतर आहे. शिफोलचा पहिल्या जातीचा आहे. बाजारात सेवा म्हणून विकले जाणारे पुष्कळसे दुसऱ्या जातीचे असते, आणि ते खरे पाहता कधीही न फिटणारे हप्ते होत. त्यातले प्रत्येक शुल्क लहान दिसते. दहा शुल्के एकत्र मांडली की दुकानाच्या भाड्याएवढा आकडा होतो. बँकेत कर्ज मागायला गेलेल्या व्यापाऱ्याला मालकीचे यंत्र तारण देता येते. सेवेची पावती तारण देता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तर भारतीय लेखामानकांनी १ एप्रिल २०१९ पासून बहुतेक दीर्घ मुदतीचे भाडेकरार ताळेबंदात देणे म्हणून दाखवणे बंधनकारक केले. भाडे हेही कर्जच आहे, हे हिशेबशास्त्राने अखेर मान्य केले.

सर्वांत मोठा धोका ताब्याचा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावरून जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती दुरूनच काढून टाकल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण योग्य होते. ग्राहकांचे पैसेही परत केले गेले. पण पुस्तक विकत घेतले असे समजणाऱ्या वाचकांना त्या दिवशी कळले की आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे. पुस्तक गेले तर दुसरे मिळते. तीन पिढ्यांच्या ग्राहकांच्या नोंदी, उधारीची खाती, मालाचा इतिहास जर अशा कपाटात असेल, तर करार करतानाच विचारावे की देणे थांबवले तर आपल्या वह्या आपल्याला कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील. यंत्र भाड्याचे असू द्यावे, चोपडी स्वतःची असावी.

अनेकांना वाटते की मालकी सोडून सेवा घेणे म्हणजे आपोआप अपरिग्रह. येथे आपल्या पूर्वाचार्यांची सूक्ष्म दृष्टी आठवावी. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण वेगळे सांगितले आहे आणि भोगोपभोगाचे परिमाण वेगळे. किती बाळगावे याची मर्यादा एक, किती वापरावे याची मर्यादा दुसरी. ज्याने कपाट रिकामे केले, पण दर महिन्याला नवी गाडी, नवे यंत्र, नवी करमणूक भाड्याने आणली, त्याने पहिल्या मर्यादेची कड सांभाळली आणि दुसरी ओलांडली. मालकी सोडल्याने हाव सुटत नाही; कित्येकदा ती हलकी होऊन अधिक वेगाने धावू लागते.

परतीच्या वाटेवर प्रवासी पुन्हा शिफोलच्या त्याच लाउंजमध्ये येऊन बसतो. या वेळी तो वर पाहतो. दिवे तेच आहेत, पण आता त्याच्या मनात तीन प्रश्न आहेत. वस्तू टिकली तर फायदा कोणाचा? देणे थांबले तर हातात काय उरेल? आणि आपला शब्द कोठे चालेल? शिफोलच्या दिव्यांपाशी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, कॉर्नवॉलच्या खाणींपाशी दुसऱ्याचे, आणि बांधाआडच्या शेतकऱ्यांच्या मंडळापाशी तिसऱ्याचे. ज्या सौद्यात तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तेथे मालकीचा हट्ट धरू नये. ज्यात एकही नसेल, तेथे महिन्याचा आकडा कितीही लहान असला तरी सही करू नये. विमानाची घोषणा होते. प्रवासी उठतो. त्याच्या पायाखालची जमीन समुद्राच्या पातळीखाली कोरडी आहे, कारण थोड्याच अंतरावर कोठेतरी पंप चालू आहे, आणि त्याचे पैसे या वर्षीही कोणीतरी वेळेवर भरले आहेत.